टॅब घ्यायला निघाले तेव्हा पुस्तकाची पानं सोबत नेली

आमची लेक चौथीत आहे, मराठी माध्यमाच्या शाळेत. शाळेच्या सूचना, सरावाच्या पत्रिका, सुटीतला अभ्यास, सगळं वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतं. म्हणजे माझ्या फोनवर. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. घरी यायला सात वाजतात आणि आल्या आल्या फोन तिच्या हातात जातो. साडेसहा इंचाच्या स्क्रीनवर मोठ्या पानाची पीडीएफ वाचायची म्हणजे दोन बोटांनी पान मोठं करायचं, डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायचं, ओळ संपली की परत डावीकडे आणायचं. तोवर कुठली ओळ वाचत होतो तेच हरवून जातं. गणितात तर प्रश्न एकीकडे आणि त्याची आकृती दुसरीकडे. मान खाली घालून, फोन नाकाजवळ धरून ती बसलेली दिसली की माझा जीव कासावीस व्हायचा.

त्यात भर पडली बुद्धिबळाची. जुलै 2025 मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, त्यासोबत ग्रँडमास्टरही झाली. त्या दिवसापासून आमच्या कॉलनीत लहान मुली पट घेऊन अंगणात बसायला लागल्या. आमचीही क्लासला जायला लागली. क्लासचे सर रोज सोडवायला कोडी देतात, ती लिचेस नावाच्या बुद्धिबळाच्या अ‍ॅपवर. फोनच्या स्क्रीनवर पटाची घरं इतकी लहान की उंट एका घरात ठेवायचा तर बोट दुसऱ्याच घरावर पडतं. हरली की म्हणते, "आई, मी तिथे ठेवलाच नव्हता." खरंच ठेवलेला नसायचा.

दिवाळीनंतर टॅब घ्यायचं ठरलं. घरात एकमत मात्र नव्हतं. सासूबाईंनी स्पष्टच विचारलं, "डोळे गेल्यावर तो टॅब काय चाटायचा आहे का?" त्यांचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. म्हणून दुकानांचा विचार करण्याआधी मी लेकीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. चष्म्याचा नंबर नव्हता. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या: स्क्रीन निदान हातभर लांब, दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांपलीकडचं काहीतरी बघायचं, आणि रोज उजेडात, मोकळ्या मैदानात खेळायचं. लांबचं अंधुक दिसण्याचा, म्हणजे मायनस नंबर लागू नये म्हणून हे बाहेरचं खेळणं फार मोलाचं, असं त्यांनी दोनदा बजावलं. स्क्रीन फार जवळ धरणं आणि पापणी न लववता टक लावून बघणं, डोळे थकतात ते मुख्यतः याने. त्या हिशेबाने मोठी स्क्रीन टेबलावर लांब उभी करून वाचणं हे फोन नाकाशी धरण्यापेक्षा बरंच. हे सासूबाईंनाही पटलं. वेळेबद्दल भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं असं की पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा स्क्रीनचा वेळ दिवसाला दोन तासांच्या आत राहावा. यात टीव्हीही आला. टॅब आला की टीव्हीचा वेळ कमी होणार, हे लेकीला आधीच सांगून ठेवलं. तिने बराच विचार करून होकार दिला.

आता कोणता घ्यायचा? मी आठवडाभर रात्री व्हिडिओ बघत बसायचे. सगळे प्रोसेसरचे आकडे सांगतात, गेम किती फ्रेमने चालतो ते सांगतात, सिनेमाचे रंग दाखवतात. चौथीतल्या मुलीला त्यावर बालभारतीचं पुस्तक वाचता येईल का, हे कोणी सांगत नव्हतं. आणि आम्हाला तर नेमकं तेच करायचं होतं. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. शाळेत पुस्तक राहिलं, दप्तराचं ओझं कमी करायचं झालं, मागच्या वर्षीचा धडा बघायचा झाला, की ती पीडीएफच उघडायची. तेव्हा मी ठरवलं की जे वाचायचं आहे तेच दुकानात उघडून बघायचं. बाकीचे आकडे त्यानंतर.

लेकीलाच विचारून पानं निवडली. एक कवितेचं पान, एक गणितातलं आकृत्यांचं पान, शिवछत्रपतींच्या पुस्तकातलं बारीक मजकुराचं एक पान, आणि नागपूर जिल्ह्याचा तालुक्यांचा नकाशा. नकाशा तिने हट्टाने घातला, कारण फोनवर त्यातली नावं तिला कधीच धड वाचता आली नव्हती. ही सगळी पानं माझ्या गुगल ड्राइव्हवर टाकली, पेनड्राइव्हवरही घेतली. तिच्या कंपासमधली पट्टी पर्समध्ये ठेवली. पट्टीचं कारण सांगते.

टॅबचे इंच एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, तिरपे मोजतात. त्यामुळे दोन टॅब 11 इंची असले तरी एक लांबुळका आणि एक रुंद असू शकतो. व्हिडिओसाठी लांबुळका बरा. पण पुस्तकाचं पान उभं असतं, आणि उभ्या पानाला रुंदी लागते. टॅब उभा धरला की अक्षर किती मोठं दिसणार हे त्या रुंदीवरच ठरतं. आमच्या पुस्तकाचं पान साधारण ए-फोर, म्हणजे 21 सेंटीमीटर रुंद. आता साडेआठ-पावणेनऊ इंचाचा लहान टॅब घेतला तर रुंदी मिळते जेमतेम 11 सेंटीमीटर. पान निम्म्यावर आलं. 11 इंचाच्या लांबुळक्या टॅबवर रुंदी 15 सेंटीमीटरच्या आसपास. आयपॅड इंचात थोडा लहान असूनही त्याचा आकार रुंद, म्हणून 16 च्या जवळ. आणि साडेअकरा इंचाच्या आतला, सातास पाच प्रमाणाचा (लांबी सात तर रुंदी पाच) टॅब जवळजवळ 17 सेंटीमीटर रुंदी देतो. पुस्तकाच्या पानाचं प्रमाणही जवळपास तेच, त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या न राहता पान स्क्रीनभर बसतं. हे घरी कागदावर मांडलं होतं, पण हातात धरून बघितल्याशिवाय खात्री होत नाही.

सुभाष नगरहून मेट्रो धरली की बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा बाजार, फार लांब नाही. लेकीला सोबत नेलं. ती नसती तर टॅबचं वजन मला कळलं नसतं; माझ्या हाताला अर्धा किलो म्हणजे काहीच नाही, नऊ वर्षांच्या हाताला ते दहा मिनिटांत जाणवतं.

पहिल्या दुकानात काउंटरवरच्या दादांनी आम्हाला बसवून घेतलं आणि सरळ रॅमपासून, म्हणजे टॅब चालू काम ज्यात धरून ठेवतो त्या मेमरीपासून, सुरुवात केली. "ताई, हा पाहा न. आठ प्लस आठ, सोळा जीबी रॅम. लेकराले पाच वर्षं पाहायचं काम नाही." हे 'प्लस'चं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. खरी रॅम असते आठ. दुसरे आठ म्हणजे साठवणुकीच्या जागेतला एक तुकडा रॅमसारखा वापरायला बाजूला काढलेला. तो खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी हळू चालतो. चार प्लस चार लिहिलेल्या टॅबची रॅम चारच धरायची. चित्रांनी भरलेली पाठ्यपुस्तकाची जड पीडीएफ उघडली आणि पटापट पानं उलटली की चारवाला मध्येच थबकतो. पान पांढरं राहतं आणि मग हळूहळू चित्र उमटतं. आम्ही हे बघितलं. सहा-आठवर ती अडचण आली नाही. साठवणीचंही तेच. 64 जीबी लिहिलेलं असलं तरी बरीच जागा आधीच भरलेली असते. मेमरी कार्डाची सोय असेल तर ठीक, नाहीतर 128 च्या खाली जाऊ नये असं मला वाटतं.

मी पानं उघडायला मागितली तेव्हा दादा म्हणाले, "त्यात काय पाहायचं ताई? पीडीएफ तर साऱ्यावर सारखीच दिसते." मी म्हटलं, "तरी दाखवा न." त्यांनी दाखवली, आणि नंतर स्वतःही वाकून बघायला लागले.

कारण फरक डोळ्यांसमोर होता. आधी लहान, स्वस्त टॅबवर नकाशा उघडला. कळमेश्वरमधला 'श्व' म्हणजे एक काळा ठिपका. रामटेक, उमरेड, काटोल ही नावं ओळखता येत होती, पण ती आपल्याला माहीत आहेत म्हणून. लेकीने 'पारशिवनी' चाचपडत वाचलं. त्या स्क्रीनवर रुंदीत 800 बिंदू, म्हणजे पिक्सेल, होते. इंग्रजी अक्षरं तेवढ्यावर निभावून नेतात. आपल्या लिपीला वर रेघ, रेघेच्या वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. एवढं सगळं बारीक अक्षरात बसवायचं तर बिंदू जास्त लागतात. अनुस्वार आणि रफार सगळ्यात आधी पुसट होतात, आणि वाचायला शिकणारं मूल तिथेच अडखळतं. मोठी माणसं अंदाजाने पुढे जातात, मुलं जाऊ शकत नाहीत. मग त्याच पानावर 1200 बिंदू रुंदीचा 11 इंची टॅब, आणि शेजारी 1720 बिंदूंचा रुंद टॅब ठेवला. शेवटच्यावर तिने भिवापूर, कुही, मौदा, नरखेड सगळी नावं घडाघडा वाचली, एकदाही बोटांनी पान मोठं न करता. पट्टी लावली तर रुंदी पावणेसतराच्या आसपास भरली. माझा निर्णय तिथेच अर्धा झाला होता.

तरी दुसरी दुकानं बघितलीच. एका ठिकाणी लहान मुलांचा म्हणून खास टॅब दाखवला. सात इंची, रबराचं जाड कव्हर, मागे कार्टून, किंमत अगदी कमी. लेकीचे डोळे चमकले. पण कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही, आतलं अँड्रॉइड कितीतरी जुनं, आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये उपकरण प्रमाणित आहे की नाही ते लिहिलेलं असतं, तिथे 'प्रमाणित नाही' असं आलं. असा टॅब मुलाच्या हातात देण्यात मला धोका वाटतो, कारण पुढे त्याला सुरक्षेचे अपडेट मिळण्याची शाश्वती नाही. आणखी एक बघण्यासारखी जागा म्हणजे खोका आणि चार्जर. भारतात विकल्या जाणाऱ्या टॅबवर आणि चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की कोणत्या कंपनीची, कोणत्या वस्तूची नोंदणी आहे ते दिसतं. तिथेच उभं राहून तपासता येतं. मुलं चार्जिंगला लावलेला टॅब हातात घेतात, त्यामुळे चार्जरच्या बाबतीत मी काटकसर करणार नाही.

जुना टॅब घेण्याचा विचारही झाला. ओळखीतून एक मिळत होता, पण त्यावर आधीच्या मालकाचं खातं तसंच होतं आणि पासवर्ड कोणाला आठवेना. खातं निघालं नसेल तर पुसून काढलेला टॅबही पुन्हा तोच पासवर्ड मागतो. तो फुकट मिळाला तरी उपयोगाचा नाही. सिमवाला जुना टॅब घेणाऱ्यांनी त्याचा आयएमईआय, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर जरूर तपासावा, चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तिथे कळतं. आम्ही तो नाद सोडला.

आयपॅडबद्दल प्रामाणिकपणे सांगते. स्क्रीनचा आकार वाचायला छान, वर्षानुवर्षं अपडेट मिळतात, पेन उत्तम चालतं. पण 2025 मध्ये साधा आयपॅड आला तेव्हा त्याची किंमतच 34,900 पासून सुरू होत होती, पेन आणि कव्हर वेगळं. आमची मर्यादा होती वीस हजार. शिवाय घरात वापरायच्या आयपॅडवर दोन माणसांची दोन वेगळी खाती ठेवता येत नाहीत. काही अँड्रॉइड टॅबवर ते जमतं. ज्यांचं बजेट बसतं त्यांनी अवश्य बघावा.

सॅमसंगचा टॅब ए9 प्लस आणि रेडमीचा पॅड एसई, दोन्ही 11 इंची लांबुळके, दोन्ही पाचशे ग्रॅमच्या आत. लेकीला हातात धरायला हेच आवडले. वनप्लसचा पॅड गो रुंद, पण थोडा जड, पाचशेच्या वर. तिने तो दोन्ही हातांनी धरून लिचेस उघडलं. पट स्क्रीनच्या रुंदीइतका पसरतो, त्यामुळे घरं मोठी झाली. तिने घोडा उचलला, बरोबर घरात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. वजनाचं मी बोलले तर म्हणाली, "आई, मी टेबलावर ठेवूनच खेळीन न." खरं तर आम्हाला तेच हवं होतं. डॉक्टरांनीही हातात धरण्यापेक्षा टेबलावर उभा करून वाचायलाच सांगितलं होतं.

एक खटकणारी गोष्ट होती. पॅड गो हे मॉडेल 2023 चं, म्हणजे कंपनी जितकी वर्षं अपडेट देणार त्यातली दोन निघून गेलेली. सवलत मिळते ती अशाच मॉडेलवर. नवं मॉडेल घ्यावं की जुन्यातली चांगली स्क्रीन घ्यावी, यावर रात्री यांच्याशी बराच वेळ बोलणं झालं. हे म्हणाले, "ती वाचणार आहे का? मग वाचायला चांगला तो घे." माझ्या मोठ्या बहिणीच्या मुलालाही फोन लावला. त्याला नीटच्या तयारीसाठी महाज्योतीचा टॅब मिळालेला आहे. महाज्योती म्हणजे इतर मागास वर्ग, भटक्या-विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठीची राज्य सरकारची संस्था, मुख्यालय आपल्या नागपुरातच. दहावीनंतर जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या मुलांना ती मोफत टॅब आणि रोजचा डेटा देते. ज्यांची मुलं त्या वयाची आहेत त्यांनी विकत घेण्याआधी तिथली जाहिरात बघावी. भाचा रोज तासन्‌तास त्यावर अभ्यास करतो, म्हणून त्याचं मत मला हवं होतं. तो म्हणाला, "मावशी, प्रोसेसर-बिसेसर सोड. चार्जिंगची पिन जपायची आणि स्टँडवालं कव्हर घ्यायचं. आणि वायफायवालाच घे, सिम कायले पाहिजे तिला?" घरात वायफाय आहे, बाहेर तिला टॅब न्यायचा नाही. सिम नसलं की पैसेही वाचतात आणि रिक्षात, लग्नात, पाहुण्यांकडे टॅब चालू करायचा प्रश्न येत नाही.

शेवटी पॅड गो घेतला, 8 जीबी रॅम, 128 जीबीचा. पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर लिहून घेतला, आणि खोक्यावरचा, टॅबच्या सेटिंगमधला आणि बिलावरचा नंबर एकच आहे हे काउंटरवरच बघितलं. दुकानातच चालू करून मागचा कॅमेरा पुस्तकावरच्या क्यूआर कोडवर धरला. पाठ्यपुस्तकातले हे कोड दीक्षा अ‍ॅपमध्ये उघडतात, धड्याचे व्हिडिओ आणि सराव मिळतो. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा याच्याशी आपल्याला घेणं नाही. वहीचं पान आणि कोड स्पष्ट दिसला पाहिजे एवढंच.

टॅब घरी आणल्यावर दोन दिवस मी तो तिच्या हातात दिला नाही. आधी गुगलचं फॅमिली लिंक. तिची खरी जन्मतारीख टाकून तिचं खातं उघडलं, ते माझ्या खात्याला जोडलेलं. बरेच पालक तारीख वाढवून टाकतात म्हणजे कटकट नको. मग मुलाला मोठ्या माणसाचं इंटरनेट मिळतं, जाहिरातींसकट. खऱ्या तारखेने उघडलं तर कोणतंही नवं अ‍ॅप टाकताना माझ्या फोनवर परवानगी मागितली जाते, रोजचा वेळ ठरवता येतो, रात्रीची वेळ झाली की टॅब आपोआप बंद. एक सोय फार कामाची वाटली: काही अ‍ॅप वेळेच्या मर्यादेतून वगळता येतात. पीडीएफ वाचायचं अ‍ॅप मी वगळलं आहे. पुस्तक वाचताना टॅब बंद पडू नये. बुद्धिबळ मात्र मर्यादेत. लिचेसमध्ये मुलांसाठी वेगळा मोड आहे, तो चालू केला की अनोळखी माणसांशी होणारं चॅट दिसतच नाही. ते अ‍ॅप फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत, यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

यूट्यूब काढून टाकलं. यावर घरात वाद झाला, पण मी ठाम राहिले. धड्याचा व्हिडिओ हवा असेल तर हॉलमधल्या टीव्हीवर, सगळ्यांसमोर. व्हॉट्सअ‍ॅपही टॅबवर नाही. मुलांनी स्वतःचं साधं खातं उघडायचं तर किमान 13 वर्षं वय लागतं. शाळेची पीडीएफ माझ्या फोनवर येते, मी ती ड्राइव्हमधल्या तिच्या फोल्डरमध्ये टाकते, तिला तिथे मिळते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता ती त्यावर काय करते ते सांगते, कारण घेण्याआधी मला हेच कुठे वाचायला मिळालं नव्हतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी गोष्टींची भरपूर चित्रपुस्तकं मोफत आहेत, ती तिने अधाशासारखी वाचली. रात्री आजीजवळ बसून मोठ्याने वाचते, आणि डोळ्यांची काळजी करणाऱ्या आजीच आता पुढची गोष्ट मागतात. गुगलच्या रीड अलाँगमध्ये मराठी वाचताना चुकलं की अ‍ॅप टोकतं, म्हणून तिला ते आवडत नाही. मी जबरदस्ती करत नाही. काही अडलं की आम्ही दोघी मराठी विश्वकोश उघडतो. शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव मात्र कागदावरच करून घेते. ती परीक्षा कागदावर गोल काळे करून द्यायची असते, तेव्हा हाताला सवय कागदाचीच हवी.

उन्हाळा सुरू झाल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागली, आणि ती नागपूर-विदर्भातल्या प्रत्येक पालकाने लक्षात घ्यावी. अ‍ॅपल आपल्या आयपॅडसाठी वापरायचं तापमान शून्य ते 35 अंश सांगतं. बाकी टॅबचं अंतरंगही काही वेगळ्या मातीचं नाही, बॅटरी सगळ्यांची लिथियमचीच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी काय होतं ते सांगायला नको. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते, आणि चार्जिंग करताना ती आतूनही तापते. म्हणून आमच्याकडे चार्जिंग सकाळी सहा-सातला, जाड कव्हर काढून. दुपारी टॅब बंद. गाडीत तर कधीच ठेवायचा नाही, पाच मिनिटंही नाही. कूलरच्या अगदी समोरही नको, वाळ्यातून येणाऱ्या हवेबरोबर पाण्याचे तुषार येतात आणि चार्जिंगची पिन त्यांनी खराब होते. भाच्याने सांगितलेली पिन हीच.

मध्यंतरी उमरेडहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला तिच्या दोन्ही मुलांसाठी मिळून एक टॅब घ्यायचा होता, मोठा आठवीत, धाकटी तीन वर्षांची. "ताई, तू घेतला तोच सांग न, मी मागवते." मी तिला सांगितलं की धाकटीसाठी नकोच. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसभरात एक तासाच्या वर स्क्रीन नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि तेवढं तर ती आजोबांच्या फोनवर बघून घेते. मोठ्याचं वेगळं. त्याला भूमितीच्या आकृत्या काढायच्या, बीजगणित सोडवायचं, सरांनी पाठवलेल्या पानावरच उत्तर लिहायचं. त्याला पेन लागणार, आणि तेही त्या टॅबसाठीच बनवलेलं, टॅब ओळखतो असं पेन लागणार. नुसत्या रबरी टोकाच्या पेनने अक्षर जाडं येतं आणि तळहात टेकला की रेघा उमटतात. आमच्या टॅबवर ती सोय नाही, आम्हाला तिची गरजही नव्हती. शनिवारी बहीण त्याला घेऊन येते आहे. त्याला म्हटलंय, बीजगणिताचं एक अख्खं उदाहरण तोंडपाठ करून ये, बर्डीवर प्रत्येक टॅबवर तेच लिहून बघू.